सलीलकाकाची न चाखलेली बाटली

सलीलकाकाची नक्कल मी दोन वर्षं करतेय. क्लोनडॉकिन या आयरिश उपनगरात तो आमच्या शेजारी राहतो. नागपूरहून मास्टर्सला आला आणि इथल्या एका वाइनच्या दुकानात रमला. नक्कल सोपी. ग्लासात नाक, डोळे बंद, भलामोठा पॉज, मग, "अं... चेरी. आणि थोडी ओली माती, बघ."

जानेवारीतल्या तापानंतर पॉज गेला. नाक आत, नाक बाहेर, "चेरी." मला नक्कल बदलावी लागली, तेव्हा कळलं.

"काका, तुला वास येत नाहीये ना?"

"दुकानात बोलू नकोस," तो म्हणाला. उद्याचं हवामान सांगावं तसा आवाज. "डेक्लन मला मागे गोडाउनला टाकेल. खोकी उचलायला."

डेक्लन म्हणजे मालक. त्यानं मार्चमध्ये एका शनिवारी दुपारी गिऱ्हाइकांसाठी वाइन-टेस्टिंग ठेवलं होतं. श्पेटबुर्गुंडर आणि डोर्नफेल्डर या दोन द्राक्षांची मिळून केलेली जर्मन रेड, अजिबात गोड नसलेली. सोबत खायचं काय, ते काकानं ठरवायचं. जमलं तर काउंटर कायमचा त्याचा.

काकानं आठवणीवरून यादी केली. बदक, भाजलेले मश्रूम, मुरलेलं चीज आणि कमी तिखटाची भरली वांगी. वांगी करायला लीलावतीआजी होतीच, काकाची आई, तीन महिन्यांसाठी आलेली.

"आजी, चाखून तरी बघ," मी म्हटलं.

"पाहुण्याच्या आधी? आमच्याकडे नैवेद्याचा वाससुद्धा घेत नाहीत. अगं, हाताला समजते मीठ किती लागते ते."

काका दारात उभा राहून ऐकत होता.

शनिवारी त्यानं बूच काढलं आणि न चाखता, न हुंगता पहिला ग्लास नेहमीच्या गिऱ्हाईक मिसेस नोलनना दिला.

"जर्मन ना? मग गोड असणार, लव्ह."

"अजिबात नाही. चेरी, थोडी मिरी. वांग्याबरोबर घ्या."

त्यांनी घोट घेतला. तो चेहरा मला अजून जमलेला नाही. "पावसात भिजलेला पुठ्ठा, लव्ह," त्या म्हणाल्या.

डेक्लननं ग्लास हुंगला. "बूच खराब. अख्खी बाटली गेली. सलील, तू आधी चाखली नाहीस?"

उत्तर तयार होतं. आमच्यात पाहुण्याआधी चाखत नाहीत, एवढं हसून म्हटलं असतं तर खपलं असतं. आजी डाव घेऊन शेजारीच उभी होती.

"नाही," काका म्हणाला. "चाखली असती तरी कळलं नसतं. जानेवारीपासून मला वास येत नाही."

"ग्रँड," डेक्लन म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत नुसतं 'ठीक'. त्यानं दुसरी बाटली उघडली, स्वतः हुंगली, स्वतः ओतली. ती झकास निघाली. वांगी तर अर्ध्या तासात संपली. मिसेस नोलन दोन बाटल्या घेऊन गेल्या.

सोमवारपासून काका गोडाउनला.

त्याच सोमवारी संध्याकाळी आजीनं पुन्हा वांगी केली, मलाही जेवायला बसवलं. "कशी झाली रे?"

"मीठ बरोबर आहे," काका म्हणाला. तोच हवामान सांगणारा आवाज. घास, पाणी, घास.

आजी माझ्याकडे वळली. "काढ ना गं काकाची नक्कल. हसू दे त्याला जरा."

तो आवाज मला हुबेहूब येतो.

"आज घसा बसलाय," मी म्हटलं आणि आणखी एक वांगं वाढून घेतलं.