जागा राखणाऱ्या पाचजणी

कुंदा गेल्याचं मला कळलं ते एका प्रश्नातून. शाळेच्या मैदानावर पोरींना रांगेत उभं करत होते, तेवढ्यात चंद्रपूरहून अर्चनाचा फोन आला. "काय वं... कुंदा गेली म्हणतात. तुले तं माहीतच असन ना?" मला माहीत नव्हतं. पण "नाही" म्हणायला जीभ रेटेना. मी "हो... हं..." असं काहीतरी पुटपुटले, फोन ठेवला आणि पोरी फार कालवा करत होत्या म्हणून जोरात शिट्टी फुंकली. वर्तमानपत्राच्या पुरवणीत मैत्रिणीबद्दल लिहायचं म्हणजे एखाद्या हसऱ्या आठवणीने सुरुवात करावी, असं मी ठरवलं होतं. प्रयत्नही केला. पण लिहायला बसलं की हा फोनच आधी आठवतो. कॉलेजात जिच्याशिवाय मी जेवायला बसत नव्हते ती मैत्रीण गेली, आणि ते मला आधीच माहीत असल्याचं सोंग मी केलं.

यवतमाळच्या आमच्या कॉलेजात मुलींचा बास्केटबॉलचा संघ म्हणजे सुरुवातीला थट्टेचाच विषय होता. सिमेंटच्या मैदानाला भेगा, रिंगला जाळी नाही, आणि आम्ही पाचजणी तालुक्या-तालुक्यांतून आलेल्या, खो-खो आणि कबड्डी खेळून मोठ्या झालेल्या. अर्चना, सुनीता, वैशाली, मी आणि कुंदा. नागपूर-अमरावतीच्या पोरी उंच, चपळ, खऱ्या लाकडी कोर्टावर शिकलेल्या. त्यांच्यातल्या एकेकीच्या मागे आमच्यातल्या एकेकीने धावायचं ठरवलं की अर्ध्या खेळातच आमची जीभ बाहेर यायची. शेवटी आमच्या खेळाच्या सरांनी एक दिवस खडूने सिमेंटवर पाच गोल काढले, पुढे दोन आणि मागे तीन, आणि म्हणाले, "आता माणूस राखू नका. जागा राखा." यालाच झोन म्हणतात हे आम्हाला मागाहून कळलं. आपल्या गोलात जी येईल ती आपली, गोलाबाहेर गेली की दुसरीची. समोरच्या पोरींना रिंगखाली शिरायला वाटच मिळेना, त्यांना लांबून बॉल फेकावा लागे आणि आमच्या त्या वाकड्या रिंगवर लांबून फेकलेला बॉल जाईल तर शपथ. आम्ही जिंकायला लागलो. बाहेरगावचे कोच नाक मुरडायचे, पळता येत नाही म्हणून झोन खेळता म्हणायचे. आम्हाला त्याचं काही नव्हतं.

मागच्या तिघींत मधली जागा कुंदाची. ती घाटंजीकडची, आमच्यात सगळ्यात उंच, आणि तोंडाने तर अशी की वसतिगृहातल्या मेसवालीनेही तिच्यापुढे हात टेकलेले. रिंगखाली उभी राहून तिला अख्खं मैदान दिसायचं आणि ती सतत ओरडत असायची. "डावीकडून आली! सुनीता, झोपली का वं? मागं पाय, मागं पाय!" झोनमध्ये तोंड बंद ठेवून चालतच नाही, हे सरांनी आम्हाला शिकवलं, पण ते केलं मात्र एकट्या कुंदाने. आम्ही बाकीच्या तिच्या आवाजावर विसंबून होतो. गंमत म्हणजे तिला स्वतःला ही चाल अजिबात आवडायची नाही. जिंकून परत येतानासुद्धा एसटीत कुरकुरायची. "माणूस राखला अन् त्यानं बास्केट केली तं साऱ्याईले दिसते कोनाची चूक हाय ते. ह्या झोनमधी कोनाचंच नाव खराब होत नाही. असं कायले खेळाव?" मी तिच्याशी कडाकडा भांडायचे. जिंकतो ना आपण? मग झालं तर! अजूनही शाळेत मी पोरींना झोनच शिकवते.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा शेवटचा सामना आम्ही हरलो तो मात्र झोनमुळेच. अगदी शेवटी बॉल उजव्या कोपऱ्यात गेला. पुढची उजवी मी, मागची उजवी अर्चना. तो कोपरा आमच्या दोघींच्या गोलांच्या बरोबर मध्ये. मला वाटलं अर्चना जाईल, तिला वाटलं मी. ती समोरची पोरगी एकटीच उभी होती. तिने आरामात वेणी मागे टाकली, नेम धरला आणि बॉल आत. सर बॉल गोळा करायला लागले. कुंदा मात्र ड्रेसिंग रूममध्ये आमच्यावर अशी तुटून पडली की बाहेर प्राचार्यांना ऐकू गेलं असेल. "मूग गिळून कायले उभ्या होत्या दोघी? 'ही माही' म्हणून एक आवाज देता येत नव्हता?" आम्ही खाली मान घालून बुटांच्या लेस सोडत राहिलो आणि रात्री मेसमध्ये सगळ्या मिळून हसलो. एवढ्याशा गोष्टीवरून कुंदा फार बोलते, असंच तेव्हा आमचं मत पडलं.

पुढे लग्नं झाली. कुंदा वणीला गेली, नवरा कोळशाच्या खाणीत. आमचा पाचजणींचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. त्यावर पोरांचे वाढदिवस, संक्रांतीची वाणं, गुडघेदुखीवरचे उपाय आणि कुंदाचे लांबलचक व्हॉइस मेसेज. मग तिच्या पोटात गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं, औषधं सुरू झाली. व्हॉइस मेसेज बंद झाले. उन्हाळ्यात कधीतरी तिने ग्रुपवर लिहिलं, "बरी आहे. या कधी." आम्ही चौघींनी जोडलेले हात पाठवले. कोणी फूलही पाठवलं. "या कधी" हे तिने कोणा एकीला लिहिलेलं नव्हतं, आणि तिथेच आमचं फावलं. अर्चना चंद्रपूरला, वणी तिला जवळ, म्हणजे ती जातच असणार. सुनीता नर्स, आजाराचं सगळं ती बघत असणार. वैशाली तर कुंदाच्या माहेरच्या गावचीच, तिचं येणंजाणं असणार. असा हिशेब मी अगदी निवांतपणे केला होता. त्या तिघींनीही केला होता. शाळेत शिकवते, बोलायला आवडतं, म्हणजे ही रोज फोन करत असणार, असा माझ्याबद्दलचा त्यांचा अंदाज. तेराव्याला वणीला जाताना गाडीत हे सगळं बाहेर आलं. वैशालीने सहज विचारलं, "शेवटचं बोलणं कवा झालं वं तुह्यं?" आणि मग एकेक करत... चौघींपैकी एकीनेही साधा फोन केलेला नव्हता. लाज वाटणं म्हणजे काय असतं, ते मला त्या रस्त्यावर कळलं. खिडकीतून कोळशाचे ट्रक दिसत होते आणि मला वाटत होतं, गाडी कुठेतरी बंद पडावी, वणी येऊच नये.

वणी आली. कुंदाच्या सासूबाई ओसरीतच बसल्या होत्या. आम्हाला बघून त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "तुमीच काय त्या कालेजातल्या? या बाई, या. तुमी होत्या म्हणून तिले धीर राह्यला. सांगे ना मले रोज, आज सुनीताचा फोन आलता, काल वैशालीचा आलता. अर्चना तं दोनदा येऊन गेली म्हणे, मी वावरात गेलती तवा." अर्चनाने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. मग म्हातारीने विचारलं, "अन् मास्तरीणबाई कोनती तुमच्यातली?" मी म्हटलं, "मी, आई." तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला. "तुह्या गोष्टी सांगून लय हासे वं ती. रोज फोन करे ना तू?" मी मैत्रिणींकडे पाहिलं. तिघींच्या नजरा जमिनीवर. मी म्हटलं, "हो."

हे "हो" मला गिळता येईना. कुंदाचे यजमान मागच्या अंगणात पाहुण्यांसाठी पाणी भरत होते. मी तिथे गेले आणि एका दमात सांगून टाकलं. "भाऊजी, आमच्यातलं कोणीच आलं नव्हतं. कोणी फोनही केला नाही. कुंदा आईंना खोटं सांगत होती." त्यांनी हातातला पाण्याचा जग खाली ठेवला.

"माहीत हाय मले. तिच्यानं फोन धरवे नाही, तं माह्याच खिशात राहे. वाजला असता तं मले आयकू आला असता."

"मग तुम्ही तिला काही..."

"काय बोलाव? ती म्हणे, आज अर्चना आलती. मी म्हणो, काय म्हणे वं अर्चना? मंग ती सांगत बसे. तेवढंच जेवण जाय तिले." त्यांनी तो जग पुन्हा उचलला. "आईले नोका सांगू. ते आईजवळ तसंच राहू द्या."

म्हणजे माफी मागायलाही आता जागा नव्हती. मी मान डोलावली. बाकीच्या तिघी माझ्यामागे कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या मला कळलं नाही, पण त्यांनी सगळं ऐकलं होतं. भाऊजी आम्हाला तिच्या खोलीकडे घेऊन गेले. पलंगावरची गादी गुंडाळलेली, खिडकीत औषधांच्या रिकाम्या बाटल्या, आणि पलंगाकडे तोंड करून भिंतीशी मांडलेल्या चार प्लास्टिकच्या खुर्च्या.

"तिनंच मांडाले लावल्या होत्या," भाऊजी म्हणाले. "साऱ्या संगच आल्या तं उभ्या राह्यतीन, म्हणे. रोज पुसाले लावे. आता सवय पडली, आजबी पुसल्या मी. बसा ना."

खुर्च्या खरंच स्वच्छ होत्या. आम्ही चौघी दारातच उभ्या राहिलो. भाऊजी पुन्हा एकदा "बसा" म्हणाले आणि पाणी आणायला गेले, तरी आमच्यातल्या एकीचीही आत पाय टाकायची हिंमत झाली नाही.