दोन्ही दंड

बिगरीच्या बाईच्या पदराला दिवसभरात काय काय पुसलं जातं ते विचारू नका. खडू, गूळ, शेंबूड, डोळ्यांतलं पाणी. घरी येऊन पदर झटकला तरी काहीतरी चिकटून राहतंच. आमच्या मंडळाचे किस्से मला असेच चिकटले आहेत. मुद्दाम गोळा केले नाहीत. नंदुरबारला इतकी वर्षं बिगरी शिकवली, म्हणजे पहिलीच्याही आधीचा वर्ग, आणि तेवढीच वर्षं या मंडळाची सभासद राहिले. मग दुसरं काय होणार!

मंडळ निघालं ते आमच्यासाठीच. लहान मुलांना शिकवणाऱ्यांना कुणी वाली नाही, त्यांच्या पाठीशी उभं राहायचं, असं पहिल्याच सभेत ठरलं. अध्यक्ष झाले रावसाहेब. ते शाळाखात्यातले पेन्शनर, जन्मभर शाळा तपासलेले. सेक्रेटरी झाले शास्त्रीमास्तर, हायस्कुलात संस्कृत शिकवणारे. बाकीची कमिटीही त्याच थाटाची. बिगरी शिकवणारं त्यात कुणीच नव्हतं.

मी उठून तसं विचारलं. रावसाहेबांनी शांतपणे समजावलं, की आजाऱ्यांच्या हिताचं डॉक्टर बघतात, आजारी नव्हे.

मग आम्हा आजाऱ्यांना चहाचं बघायला आत पाठवलं.

* * *

वार्षिक सभेला रावसाहेबांचं व्याख्यान होतं. विषय, 'बालकांचे स्वातंत्र्य'. समोर खरी बालकं हवीत म्हणून माझा वर्ग आणून पुढे बसवला. खाली एका मारवाडी शेठजींच्या पेढीवरून मागून आणलेला गालिचा.

मूल म्हणजे कळी, तिला बांधू नका, मोकळं सोडा, असं व्याख्यान रंगात आलं होतं. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या मगननं करंगळी वर केली. मी त्याला न्यायला उठले, तर शास्त्रीमास्तरांनी हातानंच खाली बसवलं. मगननं दुसऱ्या हाताचीही करंगळी वर केली. रावसाहेबांना वाटलं, मूल व्याख्यानाला दाद देतंय. ते त्याच्याकडे बघून हसले आणि कळीवर आणखी बोलले.

थोड्या वेळानं गालिच्यावरून ओघळ निघाला आणि थेट टेबलाखाली गेला. रावसाहेबांनी पाय वर घेतले.

"याला मोकळं कुणी सोडलं?" ते ओरडले.

* * *

पुढे मंडळानं पुण्याहून बालशिक्षणाचं साहित्य मागवलं. लाकडी हत्ती, घोडे, रंगीत ठोकळे, मण्यांची पाटी. आम्ही हरखून गेलो. माझ्या वर्गात तेव्हा सगळा कारभार चिंचोक्यांवर आणि तापीकाठच्या शंखशिंपल्यांवर चालत होता. पण साहित्य गेलं ते शास्त्रीमास्तरांच्या घरच्या काचेच्या कपाटात. मी तीनतीनदा मागायला गेले. मुलांच्या हाती दिलं तर खराब होईल, असं उत्तर मिळालं. हवं तर बाईंनी येऊन बघून जावं.

भाद्रपदात त्यांच्याकडे हळदीकुंकवाला गेले. गौरींपुढे आरास मांडली होती. मधोमध आमचे हत्ती, दोन्ही अंगाला घोडे, ठोकळ्यांचा किल्ला, आणि मण्यांची पाटी गौरींच्या मागे उभी केलेली.

शास्त्रीमास्तरांच्या पत्नी माझ्या हातावर खिरापत ठेवत कौतुकानं म्हणाल्या, "मंडळाचं आहे हो. म्हणून जपून वापरतो."

* * *

इथवर मला नुसतं हसू यायचं. गोदूचं प्रकरण झालं आणि हसू आटलं.

गोदू माझी धुळ्याच्या ट्रेनिंगमधली मैत्रीण. शहाद्याकडची, शेतकऱ्याची मुलगी, बोलणं सगळं अहिराणी. नवरा जंगल खात्यात नाकेदार. त्याचं ठाणं मोलगीला, म्हणून तिथल्या शाळेची बिगरी तिनं मागून घेतली होती. डोंगरातली मुलं, घरी भिल्ली बोलणारी. पहिले काही दिवस पोरं भिंतीला चिकटून बसायची आणि गोदूनं तोंड उघडलं की पळायची. मग गोदू बाजाराच्या दिवशी त्यांच्या आयांमध्ये जाऊन बसायला लागली आणि त्यांची बोली शिकली. मुलं शाळेत टिकली. पावसाळ्यातसुद्धा यायला लागली.

एकदा वरून एक साहेब तपासणीला आले. त्यांनी शेरा मारला, की बाई वर्गात भिल्ली बोलतात, सबब त्यांची बदली करावी. बदली म्हणजे नवरा डोंगरात आणि ही पार खाली मैदानात. तिची मुलगी तेव्हा अंगावर पीत होती. आणि तिच्या जागी मोलगीला जायला कुणी तयार नव्हतं, म्हणजे बिगरी बंदच.

गोदू पोरीला पाठीशी बांधून अक्कलकुव्यापर्यंत डोंगर उतरत चालत आली, तिथून मोटारीनं नंदुरबारला. मंडळाच्या सभेत उभी राहिली. सगळ्यांनी ऐकून घेतलं, आणि 'लहान मुलांचे शिक्षण मातृभाषेतूनच व्हावे' असा ठराव एकमतानं पास झाला. गोदूचे डोळे भरून आले. मलाही वाटलं, चला, एकदा तरी.

मग रावसाहेबांनी खुलासा केला, की मातृभाषा म्हणजे मराठी, तेव्हा बाईंनी वर्गात मराठीच बोलावं.

"पन त्यासनी माय मराठी बोलत नही, रावसाहेब," गोदू म्हणाली.

"मग ती चूक त्यांच्या मायची," रावसाहेब म्हणाले आणि पुढचा विषय घेतला.

* * *

मी भांडले तेव्हा कुठे बदलीच्या विरोधात धुळ्याला शाळाखात्याच्या मोठ्या साहेबांकडे डेप्युटेशन, म्हणजे शिष्टमंडळ, न्यायचं ठरलं. रावसाहेब, शास्त्रीमास्तर आणि कमिटीतले दोघे. आम्हाला नेलं नाही. बायकांना प्रवास झेपत नाही म्हणे. पोरीला पाठीशी बांधून डोंगर उतरलेली गोदू तिथेच दाराशी उभी होती.

मंडळी परतली ती खुशीत. मोठ्या साहेबांनी स्वतः चहा दिला, रावसाहेबांना जुने मित्र म्हणून शेजारी बसवलं, सगळ्यांचा मिळून फोटोही निघाला. मी विचारलं, गोदूचं काय झालं? शास्त्रीमास्तर म्हणाले, इतक्या चांगल्या वातावरणात तो विषय काढणं बरं दिसलं नसतं.

फोटो मात्र मंडळाच्या भिंतीवर लागला. खाली नाव, 'शिक्षिकांच्या प्रश्नासाठी डेप्युटेशन'.

* * *

बदलीचा हुकूम निघण्याआधी धुळ्याच्या मोठ्या साहेबांनी रावसाहेबांनाच एकदा वर्ग बघून मत द्यायला सांगितलं. मी हट्टानं बरोबर गेले. अक्कलकुव्यापर्यंत मोटार, पुढे बैलगाडी. रावसाहेबांनी कोट, डोक्यावर हॅट आणि हातात औषधांची काळी पेटी घेतली होती. डोंगरातलं पाणी बाधतं म्हणून.

आम्हाला ठाऊक नव्हतं, की आठवड्यापूर्वीच मोलगीत देवीची लस टोचणारा येऊन गेला होता. त्याचीही हॅट तशीच आणि पेटीही काळीच.

रावसाहेब दारात उभे राहिले आणि वर्ग जागच्या जागी गोठला. प्रत्येक पोरानं उजव्या हातानं आपला डावा दंड घट्ट धरला. डोळे पेटीवर. रावसाहेबांनी नाव विचारलं, गाणं म्हणायला सांगितलं, आकडे विचारले. कुणी हूं की चूं केलं नाही. मी गोदूकडे बघितलं. आता संपलंच, असं आम्हा दोघींनाही वाटलं.

रावसाहेब बाहेर आले ते प्रसन्न मुद्रेनं. त्यांनी तिथेच मत लिहिलं, की वर्गात भिल्ली भाषेचा एकही शब्द कानी आला नाही, शिस्त असाधारण, बाईंना हलवू नये.

बदली रद्द झाली. गोदू मोलगीलाच राहिली, आम्ही वळल्याबरोबर पोरांशी भिल्ली बोलायला लागली, आणि पुढेही बोलत राहिली.

पण रावसाहेबांच्या मनातून तो वर्ग जाईना. पुढच्या वार्षिक सभेला त्यांनी गोदूला मुद्दाम बोलावून घेतलं, शाल दिली, आणि जाहीर केलं, की यापुढे सर्व बिगरीच्या वर्गांत मुलांना 'मोलगी पद्धती'नं, म्हणजे उजव्या हातानं डावा दंड धरून, बसवावं. आधी आम्हा शिक्षकांना ती आली पाहिजे. गोदूनं टेबलावर बसून करून दाखवावं.

आम्ही सगळ्यांनी उजवा हात डाव्या दंडावर ठेवला. कुणी हसलं नाही. गोदू शाल सावरत टेबलावर बसली आणि अगदी गंभीरपणे तिनं विचारलं, "रावसाहेब, एकच दंड धरू का दोन्ही?"

रावसाहेबांनी डोळे मिटून विचार केला.

"दोन्ही," ते म्हणाले. "दोन्ही धरा. जास्त शोभून दिसतं."