पलीकडच्या पाड्याची पेटी

चौथीच्या वर्गात मी धडा वाचून घेत होते, तेव्हा गुरांच्या दवाखान्याचा शिपाई धापा टाकत दारात आला. "बेन, जल्दी चालो, डॉक्टरसाहेब पडी गया," एवढंच म्हणाला. मी पोचले तेव्हा भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, दवाखान्याच्या ओसरीवर निजवलेले होते आणि सगळं संपलं होतं. वय जेमतेम चव्वेचाळीस. हृदय बंद पडलं म्हणाले. मी मान डोलावली. पण हा माणूस गेली दोन वर्षं रोज थोडा थोडा मरत होता, हे ताईला आणि मला ठाऊक होतं... आज महिना झाला. लोक म्हणतात, बाई, चार चांगले शब्द लिहा. लिहिते. पण खरं लिहिते, नाहीतर त्यांनाच आवडलं नसतं.

रत्नागिरीकडून आम्ही तिघं सिल्वासाला आलो तेव्हा इथून पोर्तुगीज जाऊन फार वर्षं झाली नव्हती. मला शाळेत नोकरी, त्यांना दवाखाना. नाकासमोर चालणारा माणूस. मग मुंबईला तीन महिन्यांचं शिक्षण घेऊन आले आणि नवंच खूळ डोक्यात भरलं. जनावरांचा रोग माणसांत कसा शिरतो, कशानं थांबतो, हे नुसतं बघून कळत नाही, त्यासाठी पाहणी नीट आखावी लागते, असं ते सांगत. "सुमन, आजाऱ्याला कोणीही विचारेल. जो आजारी नाही त्यालाही विचारायचं. दोन्ही शेजारी ठेवायचे, बाकी सगळं सारखं, फरक एकच." शिकवायला समोर आम्हीच. ताईच्या लिंबाच्या लोणच्याच्या दोन बरण्या केल्या, एकीत मीठ कमी. पावसाळ्यात ती बरणी नासली आणि भावोजी आनंदाने टाळ्या पिटू लागले. ताई म्हणाली, "तुमचं शास्त्र झालं, माझी लिंबं गेली." किती हसलो होतो आम्ही. त्या हसण्याची आता भीती वाटते.

खडोलीच्या वाटेवर ओहोळाच्या दोन अंगांना वारल्यांचे दोन पाडे आहेत. तिथे उन्हाळ्यात गुरांना फाशीचा रोग, म्हणजे अँथ्रॅक्स, व्हायचा. चालता बैल दुपारी कोसळतो, आणि त्याचं मांस कापणाऱ्याच्या, खाणाऱ्याच्या अंगी तोच रोग येतो. मेलेलं जनावर तसंच पुरा, असं भावोजी घसा फोडून सांगत. पण उन्हाळ्याच्या अखेरीस घरात दाणा नसताना बैलाएवढं अन्न कोण पुरेल? म्हणून त्यांनी ठरवलं, गुरांनाच लस टोचायची आणि माणसं वाचतात का ते मोजायचं. लशीची पेटी एकच आली, एका पाड्यापुरती. कुठला पाडा, हे आपल्या मनाने ठरवायचं नाही, असं त्यांच्या पुस्तकात होतं. चिठ्ठ्या टाकल्या. उचलली मी. अलीकडचा पाडा निघाला.

दवाखान्यात झाडलोट करणारी जानी त्याच पाड्यातली. तिने सर्वांत आधी आपला बैल आणून उभा केला आणि सुई पाहून भ्यालेल्या बायकांना चांगलं झापलं. दहाबारा दिवसांनी दुसरी पेटी आली. मी सहज म्हटलं, "भावोजी, आता पलीकडेही टोचून या की." ते म्हणाले, "तीन आठवडे काढ, सुमन. आत्ता टोचलं तर तुलना मोडेल. एकदा सिद्ध झालं की सरकार साऱ्या मुलुखाला लस देईल." मला पटलं. खोटं कशाला बोलू, मला अभिमानच वाटला.

पलीकडे बैल मेला. त्या लोकांची रीत अशी, की मांसाचे वाटे पडतात आणि लग्न करून दिलेल्या बहिणीचा वाटा तिच्या घरी पोचवतात. जानीचा भाऊ देवजी पलीकडचा. तो तिचा वाटा पानात बांधून ओहोळ उतरून आला. आमच्या कागदावर दोन पाडे वेगळे होते, ओहोळावर मात्र कोणी भिंत बांधली नव्हती. सगळं विचारलं होतं आम्ही, गुरं किती, पाणी कुठलं, चरायला कुठे जातात. कुणाची बहीण कुठे दिली, हे विचारायचं सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी जानी तापाने फणफणत होती, पोट फुगलेलं. भावोजी बैलगाडीत तिचं डोकं धरून बसले होते. ती त्यांना म्हणाली, "डाक्तर, माझा बैल तं बरा हाय ना? मंग ह्यां मला कशानी झालां?" माणसांच्या दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली.

भावोजी त्याच दिवशी दुसरी पेटी घेऊन पलीकडे गेले. टोचू द्यायची नाहीत म्हणून लोकांनी गुरं रानात हाकलून दिली होती. अहवालात त्यांनी काही लपवलं नाही. वरून उत्तर आलं, की पाहणीत दोष राहिला आहे, पुढच्या हंगामात पुन्हा करावी. ते पत्र वाचून ते जेवायला बसले आणि भात कालवत राहिले, घास काही उचलला नाही. तेव्हापासून दर रविवारी देवजीच्या अंगणात जात. सांगायला जात होते, की दुसरी पेटी आली होती. दोन वर्षं गेले आणि न सांगता परत आले.

तेराव्यानंतरच्या रविवारी मी गेले. देवजी दोरी वळत बसला होता. मी सगळं सांगितलं, पेटी, तीन आठवडे, सगळं. त्याने हात थांबवले नाहीत. दोरीला पीळ देतच विचारलं, "तुला ठाव व्हता, बाई?"

मी हो म्हणाले. तो उठला, आत गेला, दार ओढून घेतलं.

कुडाजवळ एक सपाट दगड आहे. भावोजी तिथे बसत, हे मला कोणी सांगावं लागलं नाही, तेवढीच जागा गुळगुळीत झाली आहे. आता दर रविवारी मी तिथे बसते. अजून कोणी बोललेलं नाही.