फुकटचं प्यादं

मांडवीच्या बंदरावर काशीराम मयेकर जकातीचा शिपाई होता. संशय घेण्याचा त्याला सरकार पगार देत असे. एवढं भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येतं. बाकीची माणसं संशय घेतात ती पदरमोड करून.

आगबोट खोल पाण्यात उभी राही. उतारू पडावातून, म्हणजे मोठ्या होडीतून, धक्क्याला लागत आणि धक्क्याच्या तोंडाशी खाकी सदऱ्यातला काशीराम एकेकाचं बोचकं चाचपून बघे. गोव्याची चोरटी दारू हा त्याचा खास विषय. नारळ कानाशी हलवून आतलं पाणी नारळाचंच आहे की कसं, ते तो सांगे. एकदा एका बुवांचा मृदंग त्यानं नुसत्या वजनावरून पकडला आणि आतून दोन बाटल्या काढल्या. त्या मृदंगावर तो पुढची कित्येक वर्षं जगला. बारशाला गेला तरी मूल बघायच्या आधी पाळण्यातली गादी दाबून बघतो, असं लोक म्हणत. ते खोटं असेल. पण त्याची बायको मालन ते ऐकून हसत नसे, एवढं मात्र खरं.

अशा माणसाला मित्र असायचं काही कारण नव्हतं, तरी एक होता. गंगाराम शिवलकर हा पडावाचा तांडेल. चाळीस-पन्नास उतारू घेतलेला पडाव लाटा चुकवत धक्क्याला नेमका लावायचा, तर सुकाणू धरणाऱ्याचा हात आणि डोळा दोन्ही पक्के लागतात. गंगारामचे होते. मोठ्यानं हसणारा, त्याहून मोठ्यानं शिव्या देणारा, तंबाखू नेहमी दुसऱ्याची खाणारा माणूस. आगबोट निघून गेली की दुपारी चौकीच्या ओट्यावर, भेंडीच्या झाडाच्या सावलीत, दोघं बुद्धिबळ मांडत. पट मालननं मांजरपाटावर शिवलेला, मोहरे सावंतवाडीचे, लाखेचे. हिरवे काशीरामचे, तांबडे गंगारामचे. एकोणीसशे एकवीस सालापासून ह्यात बदल नव्हता. शेजारी गंगारामचा म्हातारा खलाशी भागोजी जाळं विणत बसे. त्याला डावातलं काही कळत नव्हतं, म्हणून तो दोघांनाही चाले.

काशीराम बुद्धिबळ खेळे तेही झडती घेतल्यासारखं. त्याच्या मते डावाची सुरुवात म्हणजे नुसती मांडामांड आणि शेवट म्हणजे उरल्यासुरल्यांची पळापळ. माणूस जी काही लबाडी करतो ती मधे, सगळे मोहरे एकमेकांत गुंतलेले असताना. तिथे दोन गोष्टी सांभाळायच्या. पहिली, वजीर. चहूकडे लांबवर झेप घेणारा हा गृहस्थ पटावर मोकळा हिंडतोय तोवर काशीरामला चैन पडत नसे. म्हणून सातव्या-आठव्या खेळीलाच वजिराला वजीर मारून तो दोन्ही पटाबाहेर काढायला बघे आणि ते साधलं की मगच पाठ टेकून बसे. गंगारामला ह्याचा भयंकर राग.

"वजीर गेला की डावात ऱ्हायलं काय? बिनमिठाचं सार!" असं ओरडत तो आपला वजीर घेऊन पटभर पळत सुटे.

दुसरी गोष्ट, फुकटचं प्यादं. ते खायचं नाही. ह्याला कारण होतं. पहिल्याच वर्षी गंगारामनं आपल्या डाव्या हाताच्या हत्तीपुढचं प्यादं मोकळं सोडलं होतं. काशीरामचा उंट लांबून तिरका आला आणि त्यानं ते खाल्लं. गंगारामनं शेजारचं प्यादं फक्त एक घर पुढे सरकवलं आणि उंटाची परतीची वाट बंद झाली. दोन खेळींत उंट मेला. "प्याद्यापायी उंट घालवलास, मयेकर!" म्हणून गंगाराम जो हसला तो धक्क्यापर्यंत ऐकू गेला. तेव्हापासून प्यादं कितीही मोकळं दिसो, काशीराम त्याच्यामागे काय लपलंय ते शोधत बसे आणि शेवटी सोडून देई. ह्या सावधपणापायी त्यानं कितीतरी जिंकलेले डाव घालवले. पण घेतलं असतं तर तो काशीराम कसला?

एकतीस सालच्या शिमग्यानंतर गंगाराम बदलला.

आधी प्यादी. एक दिवस ऐन डावात त्याचं डाव्या हाताचं हत्तीपुढचं प्यादं उघडं पडलं. तेच, दहा वर्षांपूर्वीचं. मला काय दूधखुळा समजतोस, असं मनात म्हणून काशीरामनं त्याला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी घोड्यापुढचं प्यादं, त्याच बाजूचं. चार दिवसांनी पुन्हा तसंच. पूर्वी गंगाराम प्यादं सोडी तेव्हा मिशीत हसे आणि त्यावरून काशीराम सावध होई. आता त्याच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नव्हती. म्हणजे कारस्थान फारच खोल होतं. काशीरामनं आपले दोन मोहरे त्या बाजूला पहाऱ्याला बसवले आणि घरी जेवतानाही ताटाभोवती बोटानं घरं आखत बसला.

मग वजीर. चैत्रातल्या एका दुपारी सहाव्या खेळीला गंगारामनं आपणहून वजिरासमोर वजीर आणून ठेवला.

"मार," तो म्हणाला. "होऊन जाऊंदे वजिराला वजीर."

काशीरामच्या चिमटीतली तपकीर सांडली. दहा वर्षं तो ज्याच्या मागे होता ते आज कुणीतरी ताटात वाढून दिलं होतं. त्यानं आपला वजीर मागे घेतला.

"का रे? तुलाच तर हवा असतो."

"आज नको. तुला कशाला हवाय ते आधी बघूंदे."

भागोजीनं जाळ्यावरून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. तेही काशीरामनं ध्यानात ठेवलं.

मित्र द्यायला लागला म्हणजे मित्राला काहीतरी हवंय. पडावाच्या तांडेलाला जकातीच्या शिपायाकडून काय हवं असणार, हे काय कुणी समजावून सांगायला हवं? काशीराम पाळत ठेवू लागला आणि त्याला भराभर दिसूही लागलं. पडाव धक्क्याजवळ आला की पुढच्या टोकाला बसलेला भागोजी खोकायचा. कधी एकदा, कधी दोनदा. एवढ्या वर्षांत भागोजीला खोकला म्हणून नव्हता. आगबोटीला उशीर होऊन दिवस कलला तर गंगाराम पोटदुखीचं निमित्त सांगून पडाव दुसऱ्या तांडेलाच्या हाती देई. आणि वैशाखात तो हातभर लांबीचा सरंगा मासा घेऊन मालनच्या दारात आला. सण नाही, वार नाही.

"परत धाड तो," काशीराम घरी आल्यावर म्हणाला.

"शिजला," मालन म्हणाली. "पण तुमच्या तांडेलांना सांगा ओ, जरा बघून चाला म्हणावं. अंगणात कोकमाची सोलं वाळत टाकलेली, तर भावोजी सरळ त्यांच्यावरनं चालत आले. एवढी लालभडक सोलं दिसू नयेत?"

"मनात पाप असलं की माणूस असाच चालतो," काशीराम म्हणाला आणि ताटातला तुकडा उलटून पालटून बघू लागला.

त्याला ह्या सगळ्याचं वाईट वाटत नव्हतं असं नाही. जगात एकच ओटा होता जिथे बसून त्याला हसू येत असे आणि तो ओटा आता जाणार होता. झडतीत काही सापडू नये, असंही त्याला वाटे. तसं झालं तर गंगारामच्या पाठीवर थाप मारून पुन्हा पट मांडता येईल, अशी त्यानं मनाची समजूत घातली. मग तो नव्या अंमलदारसाहेबांकडे गेला आणि त्यानं खोकल्यापासून सरंग्यापर्यंत सगळं सांगितलं. प्याद्यांचं मात्र सांगितलं नाही, कारण साहेबांना बुद्धिबळ येत नव्हतं.

पावसाआधीच्या शेवटच्या आगबोटींपैकी एक होती. मुंबईला जाणारे उतारू पडावात बसले होते, मुलं रडत होती, आंब्याच्या करंड्या रचल्या होत्या. साहेबांनी पडाव थांबवला आणि काशीराम आत उतरला.

"कोण? काशीराम?" गंगारामनं विचारलं. काशीराम त्याच्या पुढ्यात चार हातांवर उभा होता.

"जसं काय तुला ठाऊकच नाय!" काशीराम खेकसला.

फळ्या उचलल्या, दोरखंड उलगडले, पाण्याचं पिंप ढवळलं. काही नाही. शेवटी सुकाणूजवळच्या बसायच्या फळीखाली एक लाकडी पेटी निघाली.

"ती नको," गंगाराम हलक्या आवाजात म्हणाला. "काशीराम, ती मी तुला घरी येऊन दाखवतो. आज नको."

"ती नको" हे शब्द काशीरामनं नोकरीत शेकडो वेळा ऐकले होते आणि ते ऐकल्यावर त्याचा हात कधी चुकला नव्हता. त्यानं पेटी उघडली.

आत बुद्धिबळाचा पट होता. त्याच्या प्रत्येक रेघेवर जाड सुतळी शिवलेली होती, बोट अडेल अशी. शेजारी लाकडाचे मोहरे; अर्ध्या मोहऱ्यांच्या डोक्यावर एकेक बारीक खिळा ठोकलेला. त्याखाली एक बाटली आणि घडी केलेला कागद. काशीरामनं सवयीनं बाटलीचं बूच काढून वास घेतला. औषध होतं. कागद इंग्रजीत होता, तो साहेबांनी वाचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मराठीत सांगितला. मुंबईच्या डोळ्यांच्या डॉक्टरची चिठ्ठी, चार महिन्यांपूर्वीची. काचबिंदू. डावा डोळा गेलेला, उजवा जातो आहे. होडी किंवा गाडी काही चालवू नये.

एका बाईनं पोराला काखोटीला मारलं आणि ती धक्क्यावर उतरली. तिच्यामागून सगळे उतरले. गंगारामनं तांडेलाचा बिल्ला स्वतःच छातीवरून काढला आणि पुढे धरला. साहेबांचा हात होता त्याच्या वीतभर बाजूला धरला. भागोजीनं मनगट धरून तो हात साहेबांकडे वळवला.

"शाब्बास, मयेकर," साहेब म्हणाले. "किती जणांचे जीव वाचवलेत तुम्ही."

हे खरं होतं आणि ह्यातच काशीरामचं मरण होतं. पावसाळाभर जो भेटेल तो हेच म्हणे. मच्छीवाल्या म्हणत, दुकानदार म्हणत, देवळातला गुरव म्हणे. काशीराम मान हलवी आणि चौकीच्या ओट्यावर एकटा बसून जुने डाव डोळ्यांपुढे आणी. सगळी प्यादी डाव्या हाताची होती. गंगाराम ती देत नव्हता. ती त्याला दिसत नव्हती. वजीर काढायला बघत होता, कारण पटावर गर्दी कमी झाली की उरलेले मोहरे ध्यानात ठेवता येतात. भागोजीचा एक खोकला डावीकडे, दोन उजवीकडे. सरंगा मात्र नुसता सरंगाच होता. ह्या सरंग्याचं काशीरामला सगळ्यात जास्त लागलं.

भाद्रपद सरला तरी तो गंगारामकडे गेला नाही. कुठल्या तोंडानं जाणार? शेवटी मालनच म्हणाली, "पाऊस जायची वाट बघताय, की माणूस जायची?"

चौकीत पडलेली ती पेटी साहेबांना विचारून त्यानं उचलली आणि मिऱ्याला, गंगारामच्या घराच्या वाटेला लागला. गंगाराम ओटीवर बसून चाचपत जाळं विणत होता.

"करकर वाजतायत वहाणा. जकात आली वाटतं," तो मान न वळवता म्हणाला. "काय बघायचं हाय? चूल बघ, हंडे बघ. माळ्यावर पण जा."

काशीराम अंगणातच उभा राहिला. "डाव टाकायला आलोय," तो म्हणाला. "तुझा पट आणलाय. ती पेटी मी उघडायला नको होती, गंगाराम."

"पाऊस लागला की पट घेऊन तुझ्याकडेच येणार होतो. बोटांना सवय करत होतो." गंगारामनं जाळं बाजूला सारलं. "आधी सांगितलं असतं, तर तू काय केलं असतंस?"

काशीरामला खोटं बोलता आलं असतं. "साहेबांना सांगितलं असतं," तो म्हणाला.

"हां. आणि बरोबरच केलं असतंस. माझी पण चूकच होती, एवढी माणसं घेऊन जायचो. पण एकदा मला विचारायचंस रे. दहा वर्षं समोर बसत होतास."

काशीराम ओटीवर चढला आणि त्यानं मोहरे मांडले.

गंगारामची बोटं पटावरून सावकाश फिरत, प्रत्येक मोहऱ्याच्या डोक्याला हात लावून परत येत. काशीराम आपली खेळी मोठ्यानं सांगे. डाव गुंतला, आणि गंगारामचं डाव्या हाताचं हत्तीपुढचं प्यादं मोकळं पडलं. काशीरामचा उंट लांबून त्याच्यावर रोखलेला होता. ह्याला हे कळलंय की नाही? सांगावं, तर कीव केल्यासारखं होईल. न खावं, तर तीही कीवच. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं की ह्या प्याद्यामागे खरंच काहीतरी लपलेलं असू दे.

"उंटानं प्यादं खाल्लं," तो हळूच म्हणाला.

गंगारामची बोटं लगबगीनं शेजारच्या प्याद्यावर गेली. त्यानं ते एक घर पुढे सरकवलं आणि तो हसला, दहा वर्षांपूर्वीचं, धक्क्यापर्यंत ऐकू जाणारं हसू. "अडकला! मेल्या, दहा वर्षं वाट बघितली मी, कधी पुन्हा खातोस म्हणून!"

उंट गेला. मोहरा गमावून इतका आनंद काशीरामला कधी झाला नव्हता. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते त्यानं पुसलंही नाही, कारण बघणारं कोण होतं?

पुढच्याच चार खेळींत वजीर समोरासमोर आले. गंगारामनं दोन्ही चाचपून पाहिले.

"घे, मार," तो म्हणाला. "तुझ्या जिवाला शांती."

काशीरामचा हात वजिरापर्यंत गेला. मग त्यानं आपला वजीर उचलून बाजूच्या घरात ठेवला.

"ऱ्हाऊंदे," तो म्हणाला. "फिरव तू तुझा. मला काय घाई नाय."