वजाबाकी मी जलद केली

"चहा सांग," साहेब म्हणाले. मी उठले. तेवढ्यात एका संचालकानं त्यांच्या कानाशी तोंड नेलं, माझं आडनाव विचारलं. साहेब पुन्हा म्हणाले, "सांग फक्त. तू आणू नको."

साखर कारखान्याची कॉम्प्युटरची खोली. गावात प्यायला पाणी नव्हतं आणि त्या खोलीत थंड हवेचं यंत्र होतं. चेअरमन आणि चार संचालक कॉम्प्युटर बघायला आले होते. सभासदांची यादी पडद्यावर झरझर सरकत होती. चेअरमननी विचारलं, "इतकं झटक्यात? कुणी केलं हो हे?"

साहेब पुण्याचे. म्हणाले, "मीच. ही टायपिंग करते."

मी धाराशिवच्या कॉलेजात गणित घेऊन बी.एस्सी. झालेली. नेमणूक ऑपरेटरची. गप्प बसले. तो माझा पहिला गुन्हा.

खरं काय होतं ते सांगते. शाळेत आपण संच शिकतो. एक घटक एकदाच. संचात रांग नसते, पुढचा-मागचा नसतो. मला तो धडा लई आवडायचा. आमच्या वस्तीला कुठंच न मिळालेली गोष्ट गणिताच्या पुस्तकात छापलेली होती. कारखान्यात आम्ही पास्कल भाषेत प्रोग्रॅम लिहायचो. त्या भाषेतल्या संचात दोनशे छप्पन्नच घटक मावायचे आणि सभासद हजारोंनी. म्हणून साहेबांनी स्वतःची लायब्ररी लिहिली होती, म्हणजे कुठल्याही प्रोग्रॅमला जोडता येईल असा तयार कामांचा गठ्ठा. नाव संचात घालणं, आहे का बघणं, एका संचातून दुसरा वजा करणं. नावं इंग्रजीत. आडनावाच्या पहिल्या अक्षरावर सव्वीस खाने.

पुण्यात बसून लिहिलेलं. आमच्याकडं गावंच्या गावं एका आडनावाची. कांबळे, कदम, काळे, कोकाटे, सगळे के च्या खान्यात. बाकीचे खाने ओस. एक नाव शोधायचं तर त्या ढिगातलं प्रत्येक नाव तपासायचं. सकाळी लावलेलं काम जेवणाची सुट्टी उलटली तरी चालूच.

साहेब हसून म्हणाले होते, "तुमच्या वस्तीनं अख्खा खाना भरलाय. मशीन तरी काय करील?"

ते मला लागलं. चूक खाने पाडणाऱ्याची, बोल आमच्या नावांना! पंधरा दिवस खपून मी ती लायब्ररी उलटीपालटी केली. नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव, यातल्या प्रत्येक अक्षराचा आकडा घेऊन, ते घुसळून, एका मोठ्या अविभाज्य संख्येनं भागलं. जी बाकी उरेल तो खाना. ढीग फुटला. कांबळे सगळीकडं पांगले, पाटलांच्या शेजारी जाऊन बसले. खाने भरत आले की दुप्पट करायचे, हेही मीच घातलं. अर्ध्या दिवसाचं काम चहा संपायच्या आत होऊ लागलं. साहेब म्हणाले, "छान." आणि त्यावर स्वतःचं नाव घातलं.

दुष्काळाचं ते तिसरं वरीस. कोरडवाहू रानात ऊस कुठला? ज्यांच्या विहिरीला पाणी त्यांचाच ऊस. बोर्डानं ठराव केला, ज्यानं ऊस घातला नाही त्याला कारखान्याच्या निवडणुकीत मतदान नाही. साहेबांनी मला सांगितलं, "सगळे सभासद, त्यातून ऊस घालणारे वजा. उरतील त्यांची यादी काढ. खाली सही कर."

कोण उरतंय ते मी पडद्यावर बघून घेतलं. आमची वस्ती होती. वस्तीबाहेरचे कोरडवाहूवाले होते. आणि आबा होते, माझे वडील.

आबा वर्षातनं एकदा कारखान्याच्या सभेला जायचे. धुतलेलं धोतर नेसून. तिथं ते खुर्चीवर बसायचे, सगळ्यांच्या ओळीत. गावात त्यांना खुर्ची मिळायची अशी दुसरी जागा नव्हती.

मी म्हणाले, "मी काढणार न्हाय."

"तुझ्यावाचून अडलंय का? दोन कळा दाबायच्या."

त्यांनी दाबल्या. प्रिंटर करकरत सुटला. काही अडलं नाही. मी अडू दिलंच नव्हतं, माझ्याच हातानं.

मी राजीनामा दिला. घरी आबांना सांगितलं. ते म्हणाले, "तू शिकलीस ते ह्याच्यासाठी व्हय गं?"

 

मतदानाच्या आधी लोक फाटकावर जमले, मीही त्यांच्यात होते. चेअरमन बाहेर आले. "कॉम्प्युटरनं काढलेली यादी आहे. त्यात माणसाचा हात नाही." लोक हटेनात, तेव्हा साहेबांनी माझ्याकडं बोट केलं. "प्रोग्रॅम हिनं लिहिलाय."

चहाच्या वेळचा तो संचालक खो खो हसला. "घ्या! तुमचीच पोरगी. तिलाच इचारा!"

वस्तीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "व्हय, म्या लिहिला." कुणीतरी माझ्या पायाशी थुंकलं. मतदान झालं. आबा घरीच बसून होते.

सहकार म्हणे सगळ्यांचा! ज्यानं पाणी अडवलं तोच सभासद, ज्याचं रान करपलं तो बाकी.

आता मी गावोगाव फिरते. यादीतल्या प्रत्येकाचा हरकतीचा अर्ज लिहिते. धाराशिवच्या सहकार खात्याच्या ऑफिसातून पहिले नाकारून परत आलेत. पुढचेही येतील. मतदारांत नावं परत लागतील असं मी कुणाला सांगत नाही, कारण मला तसं वाटत नाही. मदतीला आलेले कार्यकर्ते म्हणतात, सगळ्यांचा मिळून एकच अर्ज दे, वेळ वाचेल.

वेळच वाचवायचा नाही. एका अर्जावर ते एक सही करून हजार माणसं निकालात काढतील. मी माणशी एक अर्ज देणार. प्रत्येकावर पोच मागणार. नाकारायचं तर एकेक नाव वाचून, एकेका नावापुढं हातानं लिहून नाकारा.

दोन कळांत नावं गाळायचं हे काम मी त्यांना करून दिलं होतं. आता तेच काम त्यांना जन्मभर पुरेल असं करणार.