वरच्या घराचा वाटा

मुंबईची नोकरी सोडून गावी आलो तेव्हा जो तो तिलापिया माशाचं गुणगान करत होता. वाहत्या गंगेत आपणही हात धुवून घ्यावेत म्हणून घरामागे पिल्लांच्या टाक्या बांधल्या. तिलापियाचा नर झपाट्याने वाढतो, मादीचं बळ अंड्यांत जातं. म्हणून पिल्लांना सुरुवातीचे काही आठवडे हार्मोनची पूड घातलेलं खाद्य द्यायचं, की बहुतेक सगळे नरच होतात. ते खाद्य बायको कालवायची, हातमोजे घालून, तोंडाला फडकं बांधून. त्या बाबतीत माझी भारी शिस्त. टाकीतलं गढूळ पाणी मात्र मागच्या पऱ्यात सोडून द्यायचो. ओढ्याचं पाणी, जाईल वाहून, एवढाच माझा विचार.

त्याच पऱ्यावर, आमच्या खालच्या अंगाला काकूंचं घर. सख्ख्या नव्हेत, शेजारच्या. पावसाळ्यात त्या दगडांचा बांध घालून माशांना सापळा लावायच्या आणि त्यातली पहिली गाबोळी, म्हणजे माशांची अंडी, आमच्याकडे धाडायच्या. वाडीची रीतच तशी. पाणी ज्यांच्याकडून येतं, त्या वरच्या घराचा वाटा आधी.

यंदा त्यांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. एकदा मासे बघायला म्हणून आली आणि खाद्याची मूठ भरायला वाकली. बायको केवढ्यांदा ओरडली, "अगं, हात लावू नको! पोटुशी आहेस ना!"

मुलगी दचकली, मग हसत म्हणाली, "मग दादा, ह्या टाकीतलं पाणी कुठं जातं वो?"

तिच्या आईच्या सापळ्याकडे जात होतं. इतके दिवस हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही, याची मला भयंकर लाज वाटली.

खाद्यवाल्याला फोन केला. "पाण्यात कितीसं उरणार?" म्हणाला. कुणी तपासलंय का विचारलं, तर त्याने फोनच ठेवून दिला.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघं काकूंकडे गेलो. मी सगळं सांगितलं. पऱ्यात पाणी सोडणं आजपासून बंद, मासे तेवढे खाऊ नका, म्हटलं. चुलीवर माशांचं कालवण रटरटत होतं. काकू चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या लेकीकडे बघत राहिल्या.

"दोन पावसाळं आमी खातोय," त्या म्हणाल्या. "पन तुमीपन खाल्लीतच ना रं गाबोळी?"

"खाल्ली की काकू. दर वेळी."

त्यांचा चेहरा निवळला. "मग काय न्हाय व्हयत. उगाच भ्यालास."

मलाही हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. घरी परतताना अर्ध्या वाटेवर बायको थांबली.

"काकूंची गाबोळी मी कधी रांधलीच नाही. आपलंच पाणी तिकडे जातं म्हणून मन धजेना. तुम्ही खाल्लीत ती बाजारातली."

"मग तिथं का नाही बोललीस?"

ती रडायला लागली. मी तसाच मागे फिरलो आणि पळत सुटलो. पोचलो तर मुलीपुढे कालवणाचं ताट वाढलेलं होतं.

"काकू," दारातूनच ओरडलो, "आम्ही नाही खाल्ली!"