सरांनी वगळू न दिलेला मजकूर

डॉ. शामराव कांबळे सरांची आणि माझी पहिली ओळख झाली ती रक्ताच्या थेंबावर. मेडिकलचं पहिलं वर्ष, फिजिऑलॉजीची प्रयोगशाळा आणि माझ्या हातात सुई. आपल्याच बोटाला टोचायचं, थोड्या थोड्या वेळाने टिपकागद लावायचा आणि रक्त थांबायला किती वेळ लागतो ते पाहायचं, असा तो प्रयोग. मी गगनबावड्याच्या पावसात वाढलेली, म्हशीची धार काढून शाळा गाठणारी मुलगी. पायाला चिकटलेली जळू उपटून फेकताना कधी डोळ्याला पाणी आलं नव्हतं. पण स्वतःच्या हाताने स्वतःला टोचायचं म्हटल्यावर माझं अवसानच गळालं. सर मागे येऊन केव्हा उभे राहिले, कळलंच नाही.

"गाव कुठलं?"

"गगनबावडा, सर."

"एवढ्या पावसाला भीत नाहीस आणि थेंबभर रक्ताला भितेस होय गं?"

त्यांनी दुसरी सुई घेतली, स्वतःच्या बोटाला टोचली आणि बोट माझ्यापुढे धरलं. "लाव कागद." मी कागद लावत गेले. डाग लहान लहान होत गेले आणि शेवटी कागद कोरा राहिला. मग सरांनी सगळ्या वर्गाला विचारलं, "हे थांबवलं कुणी?" आणि सरांनीच सांगितलं, "प्लेटलेट्सनी. रक्तातल्या या बारीक पेशी जखमेपाशी गोळा होतात आणि स्वतःजवळचं एक रसायन सोडतात. ते रक्तवाहिनीला आवळून धरतं. त्याचं नाव सेरोटोनिन. सिरम म्हणजे रक्तातला पातळ भाग आणि टोन म्हणजे ताण. रक्तात सापडलं आणि नळ्या आवळतं, म्हणून हे नाव. मेंदूशी त्याचा संबंध नंतर कळला. आधी ते रक्तात आणि आतड्यात सापडलं होतं, हे विसरू नका."

त्या दिवसापासून सरांच्या लेखी माझं नाव गगनबावडा. आज माझे केस पांढरे झालेत, कोल्हापुरात माझा स्वतःचा दवाखाना आहे, तरी फोनवर अजून "बोल गं गगनबावडा" हेच ऐकू येतं.

सरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत म्हणून आम्ही विद्यार्थी हा ग्रंथ काढतो आहोत. माझ्या या लेखातला काही मजकूर काढून टाकावा, असं संपादन समितीतल्या काही मंडळींचं मत होतं. तो मजकूर पुढे आहेच. तो का राहिला तेही सांगते, कारण त्याशिवाय सर कळायचे नाहीत.

सरांचे वडील शेतमजूर. घरात धम्म आला तेव्हा सर अगदी शाळकरी होते. त्या दीक्षेतून आपण काय घेतलं, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही. मी सांगितलं तरी नाही. तपासून घ्यायचं." वर्गातही त्यांचं हेच चाले. वर्तमानपत्रात सेरोटोनिनला 'आनंदाचं रसायन' म्हटलेलं दिसलं की सरांचा पारा चढलाच म्हणून समजा. "आनंद एका रसायनात मावला असता तर किराणा दुकानात सुटा मिळाला असता!" असं म्हणून ते फळ्याकडे वळत. "अरे, शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन पोटात असतं. आतडी हलवायची, अन्न पुढे सरकवायचं, नको ते खाल्लं तर मळमळवून बाहेर काढायचं, ही त्याची रोजची कामं. मेंदू आपलं आपण वेगळं तयार करतो, कारण पोटातलं मेंदूत शिरत नाही. मेंदूत ते भूक, झोप, मन या सगळ्यात हात घालतं. रात्री झोप आणणारं मेलाटोनिनही यापासूनच बनतं. पण सेरोटोनिन कमी झालं म्हणून माणूस उदास झाला, इतकं सरळ गणित नाही. असं गणित कुणी मांडलं तर त्याला माझ्याकडे पाठवा, मी बघतो त्याच्याकडे!"

आणि याच माणसाची रोजची चौकशी काय, तर "जेवलासा का?" हॉस्टेलवरच्या पोराला, शिपायाला, वॉर्डातल्या पेशंटला, सगळ्यांना हेच. कोल्हापुरात हे कुणीही कुणाला विचारतो. समोरचा "व्हय की" म्हणतो आणि विषय संपतो. सर मात्र उत्तराची वाट बघत. काय जेवलात, चव लागली का, झोप लागली का, पहाटे जाग येऊन मग डोळा लागत नाही असं होतं का? मन कसं आहे असं विचारलं तर आपल्याकडे कुणी खरं सांगत नाही, पण भाकरी घशाखाली उतरत नाही हे माणूस सांगून टाकतो, असं त्यांचं म्हणणं.

याचा अनुभव माझ्या घरात आला. माझी थोरली बहीण मंगलआक्का कबनूरला असते. दाजींचे यंत्रमाग आहेत. काही वर्षांपूर्वी धाकट्या लेकीचं लग्न झालं आणि आक्का हळूहळू मिटत गेली. जेवण सुटलं, झोप सुटली. आयुष्यभर मागाच्या खडखडाटात राहिलेली बाई, तिला एकाएकी तो आवाज सोसेना. कानावर पदर दाबून चौकटीत बसून राहायची. मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्य म्हणून सांगितलं, गोळी सुरू केली. चारच दिवसांत दाजींचा फोन. "सुनंदा, कसली गोळी ही? गुण तर न्हायच, वर मळमळतंय तिला. बंद करतो मी." मी फोनवर डोकं फोडून घेतलं, पण घरच्या डॉक्टरचं घरात कोण ऐकतंय! त्यातून मी धाकटी मेहुणी. शेवटी सरांना फोन केला.

सर रविवारी सकाळी एसटीने कबनूरला हजर, मीही पोचले होते. दाजींनी "या पावणं" म्हणून बसायला दिलं, पण चेहरा कडकच. सरांनी आधी आक्काला विचारलं, "आक्का, जेवलासा का?"

"न्हाय जात, सर." आक्का त्या आठवड्यात पहिल्यांदा कुणाला तरी पूर्ण उत्तर देत होती.

मग सर दाजींकडे वळले. "दाजी, नवा माग बसवला की त्याच दिवशी कापड बाजारात नेता का?"

"कसं न्हेणार? सेटिंगला येळ लागतो की."

"या गोळीचंही तसंच आहे. एका पेशीने दुसरीसाठी सोडलेलं सेरोटोनिन लगेच परत ओढून घेतलं जातं. ही गोळी ते ओढून घेणं कमी करते. पण त्याचा गुण यायला तीन-चार आठवडे लागतात. का लागतात, ते शास्त्राला अजून पुरतं उमगलेलं नाही. आणि पोटात हे रसायन भरपूर, म्हणून गोळीची खबर पोटाला आधी लागते. मळमळ त्याची आहे, ती बहुतेकांची ओसरते. नाहीच ओसरली तर डॉक्टर गोळी बदलतील, पण ती मनाने बंद करायची नाही. आणि आक्का, यात तुमचा काही दोष नाही. कुणाला कावीळ होते, तुम्हाला हे झालंय."

दाजींनी मान डोलावली, पण पटलं नव्हतं. सरांनी ते ओळखलं. म्हणाले, "मग असं करू. गुण येईपर्यंत मी दर रविवारी तुमच्याकडे जेवायला येतो. मला भाजी-भाकरी चालते." आणि खरंच आले हो! रिटायर झालेले प्राध्यापक, कळंब्याच्या घरून दोन एसट्या बदलून कबनूरला जेवायला! पाहुणा येणार म्हणजे चूल पेटणार, पाहुणा एकटा जेवणार नाही म्हणजे आक्काला ताटावर बसावं लागणार. सर बोलत काहीच नसत, नुसते सावकाश जेवत. असे काही रविवार गेले आणि एके दिवशी सुनेने वाढलेली आमटी चाखून आक्का म्हणाली, "मीठ घालायचं इसरलीस काय गं?" सून रडायचीच बाकी होती, आनंदाने. दाजी उठून मागावर निघून गेले, कारण त्यांना आमच्यासमोर डोळे पुसायचे नव्हते.

आता तो मजकूर.

मागच्या वर्षी काकू गेल्या. सरांच्या पत्नी, कळंब्याच्या शाळेत शिक्षिका होत्या. आम्हा हॉस्टेलच्या मुलींना सणाला हक्काने जेवायला बोलावणाऱ्या. सरांनी सगळं शांतपणे केलं, लोकांना भेटले, मुलगा परदेशी परत गेला तेव्हा त्याला हसून निरोप दिला. मग हळूहळू घराजवळच्या तळ्याच्या काठचं रोजचं फिरणं बंद झालं. फोनवर "बरं आहे" एवढंच. मी भेटायला गेले तर शर्ट अंगावर लोंबत होता, आणि ज्या घरात पुस्तकं दारापर्यंत आलेली असत तिथे एकही पुस्तक उघडं नव्हतं. मी धीर करून म्हटलं, "सर, कुणाला तरी दाखवूया." सर माझ्याकडे बघत राहिले. "गगनबावडा, हे दुःख आहे, आजार नव्हे. दोन्हीतला फरक मीच शिकवलाय तुला." पुढे महिने गेले, सर आणखी आटले. एकदा म्हणाले, "आता उठायचं ते कशासाठी, एवढंच कळत नाही बघ." मी हादरले. सर आपल्या हातून जातात की काय, या भीतीने मला दवाखान्यात काम सुचेना.

मी आक्काला सांगितलं. दुसऱ्या दिवशी आक्का भाकरीचं गाठोडं घेऊन कळंब्याला हजर. मी मागोमाग पोचले. आक्काने दारातच विचारलं, "सर, जेवलासा का?"

"हो, जेवलो."

आक्का सरळ स्वयंपाकघरात गेली. गॅसवर धूळ होती. ती बाहेर येऊन सरांसमोर उभी राहिली. "सर, मला खोटं सांगालासा?"

सर मान खाली घालून खुर्चीत बसले, तरी आक्का थांबली नाही.

"माझ्या वक्ताला तुमी काय म्हनलासा? यात तुमचा काय दोष न्हाय म्हनलासा. मग तुमचा काय दोष हाय, सांगा की! बाई गेल्या, रडा. पर जेवन सुटलं, झोप सुटली, उठावं वाटंना झालं, ही कशाची वळख, ती तुमीच दिलीसा मला. मी हितंच बसतो. तुमी जेवल्याबिगर मी जात न्हाय." आमच्याकडे बायकाही 'बसतो, जातो'च म्हणतात, आणि म्हटलं की बसतात.

सर रडले. काकू गेल्यानंतर पहिल्यांदा, लहान मुलासारखे रडले. मीही रडले. आक्का रडली नाही, तिने ताटली पुसून भाकरी वाढली.

त्याच आठवड्यात सर आपल्याच एका विद्यार्थ्याच्या दवाखान्यात नंबर लावून बसले. शेजारी मी आणि आक्का. त्या विद्यार्थ्याने घाई केली नाही, सगळं विचारलं, तपासलं, दुःख कुठे थांबतं आणि आजार कुठे सुरू होतो ते सरांच्याच भाषेत सरांना सांगितलं आणि गोळी लिहून दिली. आता पुढची गंमत ऐका. चौथ्या दिवशी सरांचा फोन. "मळमळतंय गं. गुण तर काहीच नाही. बंद करावी म्हणतो." आयुष्यभर सेरोटोनिन शिकवलेला माणूस! मला हसू आवरेना. "सर, नवा माग बसवला की त्याच दिवशी कापड..." पलीकडून "ठेव फोन" आणि खट्कन फोन बंद. गोळी चालू राहिली. दर रविवारी दाजी आक्काला मोटारसायकलवरून कळंब्याला सोडत आणि स्वतःही जेवायला थांबत.

सर परत आले ते मला कसं कळलं, सांगू? एका सकाळी फोन खणखणला. "गगनबावडा, आजचा पेपर बघितलास? पुन्हा 'आनंदाचं रसायन' छापलंय! कोण लिहितो गं हे? मी तळ्यावरून येताना पेपर घेतला आणि माझं डोकंच फिरलं." मी सगळी बोलणी ऐकून घेतली. इतकं गोड रागावणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

हा मजकूर समितीला नको होता. अमृतमहोत्सवाच्या ग्रंथात असल्या गोळ्यांचं काय काम, लोक काय म्हणतील, असं म्हणणं. भावना वाईट नव्हती, सरांवरच्या मायेपोटीच होतं ते. मीही थोडी नमले होते. कच्च्या लेखात मी लिहिलं होतं, 'काकूंच्या निधनानंतर सरांना काही काळ अशक्तपणा आला होता.' लेख सरांना दाखवला. सरांनी लाल पेनाने 'अशक्तपणा' खोडलं आणि वर लिहिलं, 'नैराश्य'. मग समितीच्या सचिवांना फोन लावला. "डायबेटिसची गोळी घेतो असं लिहिलं असतं तर काढलं असतंत का? मग हेही राहू द्या. हे काढणार असाल तर माझा फोटोही काढून टाका."

फोटो आहे, मजकूर आहे. सर डॉक्टरांच्या सल्ल्याने अजून गोळी घेत आहेत, रोज तळ्यावर जात आहेत, आणि सत्काराला मंगलआक्का आणि दाजी पहिल्या रांगेत बसावेत अशी त्यांची आज्ञा आहे.

सर, आम्हा सगळ्या विद्यार्थ्यांच्या वतीने मागते, तुम्हाला निरोगी शंभर वर्षं लाभोत. पेपरवाल्यांवर असेच रागवत राहा. मला म्हातारपणीही गगनबावडाच म्हणा. आणि कुणी दारात येऊन "जेवलासा का?" विचारलं, तर खरं सांगा.